शनिवार तेल्यांचा घाणा सहलीत का दिसत नाही?

ख्रिस्ती धर्मग्रामांच्या सहली एरवी वांद्र्याच्या माउंट मेरीला, गोव्याला, फार तर वेलंकणीला जातात. त्यांच्या जोडीला अलीकडे वेगळ्या प्रकारच्या सहलीही निघू लागल्या आहेत. वसईहून अगर मुंबईच्या एखाद्या उपनगरातून पहाटे बस सुटते आणि दिवसभरात यहुद्यांची जुनी ठिकाणे पाहून रात्री मंडळी घरी परततात. भायखळ्याचे मागेन डेव्हिड, काळाघोड्याजवळचे निळ्या रंगाचे केनेसेथ एलियाहू ही दोन ठिकाणे ठरलेली. वेळ व उत्साह असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा गाठायचा आणि अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन अबोथ, नवगावचे स्मारक व सागावजवळचा एलियाहूचा टापा पाहून परतायचे. बरोबर धर्मगुरू असतात, बायबलच्या जुन्या करारातील उतारे वाचले जातात, छायाचित्रे निघतात. या सहलींत वावगे काहीच नाही. उलट अल्पसंख्य समाजाने दुसऱ्या, आपल्याहूनही अल्पसंख्य समाजाच्या दारात आदराने जाऊन उभे राहावे, ही आजच्या वातावरणात दुर्मिळ गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की या दिवसभरात काय दाखवले जाते आणि काय वगळले जाते. जे वगळले जाते त्यामागे एक आर्थिक हिशेब आहे, आणि तो कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम या सहलींचे श्रेय ज्या घटनेला आहे ती सांगितली पाहिजे. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सर्व काळच्या सर्व यहुद्यांवर लादणारी शिकवण युरोपात शतकानुशतके चालू होती. उत्तम शुक्रवारच्या लॅटिन प्रार्थनेत यहुद्यांसाठी वापरले जाणारे अवमानकारक विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ही सामूहिक दोषाची शिकवण अधिकृतपणे नाकारली. पोप दुसरे जॉन पॉल १९८६ साली रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले. म्हणजे कॅथलिक भाविकाने सिनेगॉगमध्ये सन्मानाने पाऊल टाकावे ही रीत जेमतेम दोन पिढ्यांची आहे. ती वसईच्या भाविकांपर्यंत पोहोचली याचा आनंद समाजवाद्यांना वाटलाच पाहिजे. तथापि आनंद व्यक्त केल्यानंतर बस कोठे थांबते आणि कोठे थांबत नाही, हे पाहणे भाग आहे.

बस थांबते ती सासून घराण्याच्या इमारतींपाशी. भायखळ्याचे सिनेगॉग डेव्हिड सासून यांनी बांधविले व ते १८६४ साली पूर्ण झाले. काळाघोड्याचे सिनेगॉग त्यांचे नातू जेकब सासून यांनी १८८४ साली उभारले. पुण्याची मंडळी हीच सहल काढतात तेव्हा त्यांना लष्कर भागातील लाल देऊळ दाखवतात, तेही त्याच घराण्याचे. या इमारती देखण्या आहेत यात शंका नाही. काळाघोड्याच्या इमारतीचा जीर्णोद्धार २०१९ साली पुरा झाला आणि रंगीत काचांतून येणारा प्रकाश पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागला. वारसा-निधी, उद्योगसमूह, तज्ज्ञ वास्तुविशारद असे सगळे त्यासाठी एकत्र आले. वाटाड्या सासूनच्या दानशूरपणाचे वर्णन करतो. गोदी, वाचनालय, पुण्याचे रुग्णालय ही यादी मोठी आहे आणि खोटीही नाही.

पण दान देण्यापूर्वी पैसा मिळवावा लागतो. बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेल्या या घराण्याचे वैभव ज्या व्यापारावर उभे राहिले त्यांत माळव्याची अफू चीनमध्ये नेण्याचा व्यापार प्रमुख होता. त्या व्यापारात पारशी होते, मारवाडी होते, गुजराती होते, इंग्रज तर होतेच. तेव्हा यात यहुदीपणाचा काही संबंध नाही, हे यहुदीद्वेष्ट्यांना ठणकावून सांगितले पाहिजे. संबंध आहे तो भांडवलाशी. अफूनंतर कापूस आला, कापसानंतर गिरण्या. ई. डी. सासून यांच्या गिरण्यांमध्ये रत्नागिरी-सातारकडची माणसे तीन पिढ्या राबली. १९४० नंतर सासूननी आपले अंग काढून घेतले. गिरण्या इंडिया युनायटेड मिल्स या नावाने चालू राहिल्या व पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. त्यांतील सहा क्रमांकाची गिरणी म्हणजे दादरच्या चैत्यभूमीलगतची इंदू मिल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले हे या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन २०१५ साली झाले. मुंबईतील यहुदी वारशाची सहल जर प्रामाणिक असेल तर तिचा एक थांबा इंदू मिलच्या कुंपणापाशी असायला हवा. तेथे रंगीत काचा नाहीत, एवढीच अडचण.

भायखळ्यात तर जे समोर दिसते तेही सांगितले जात नाही. सिनेगॉगच्या आवारातच सर जेकब सासून शाळा आहे. यहुदी मुलांसाठी काढलेल्या या शाळेत आज बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. नागपाडा-भायखळ्याच्या गल्ल्यांतील ही मुले यहुदी विश्वस्तांच्या शाळेत शिकतात आणि कोणाला त्यात काही विचित्र वाटत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये नरीमन हाउसवर हल्ला झाला, तेथे यहुदी असल्यामुळेच माणसे मारली गेली, त्यानंतर सर्व सिनेगॉगच्या दारांवर पोलीस आले; तरीही ही शाळा चालू राहिली. पश्चिम आशियातील बातम्या वाचून ज्यांना यहुदी व मुसलमान हे जन्मजात वैरी वाटू लागले आहेत त्यांच्यासाठी या शाळेच्या मधल्या सुटीतली दहा मिनिटे कोणत्याही प्रवचनाहून उपयोगाची ठरतील.

आता काळाघोड्याकडे वळू. केनेसेथ एलियाहूपासून चालत काही मिनिटांवर टाऊन हॉल आहे आणि त्याच्या मागे नौदलाच्या ताब्यातील जुन्या किल्ल्याची जागा आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेट ज्याला भाडेपट्ट्याने दिले गेले होते त्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा वाडा तेथे होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा हा वैद्य. भारतीय वनौषधींवरचा त्याचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, आणि त्यात मुंबईच्या आंब्याचीही चर्चा आहे. ऑर्ताचे आईवडील स्पेनमधून हद्दपार झालेले व पोर्तुगालात बळजबरीने ख्रिस्ती केले गेलेले यहुदी होते. अशा लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत आणि त्यांच्या घरांवर पाळत ठेवत. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय बसले. ऑर्ता १५६८ साली मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. पुढील काळात याच न्यायालयाचा रोख बाटवलेल्या हिंदूंकडे वळला आणि ते १८१२ पर्यंत टिकले. वसई, चौल या उत्तरेकडील मुलुखावरही त्याचा अंमल होता.

ख्रिस्ती मंडळींच्या सहलीत या जागेचा उल्लेखही होत नाही, याचे कारण कोणी मुद्दाम लपवते असे नाही. तेथे तिकीट नाही, फलक नाही, आत जाण्याची परवानगी नाही. आणि जे विकता येत नाही ते सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत येत नाही. पण हा प्रसंग सांगण्याचे धैर्य ख्रिस्ती धर्मगुरूंनीच दाखवले तर त्याचे मोल मोठे आहे. नाहीतर तो इतिहास आयता हाती घेऊन आजच्या ख्रिस्ती आदिवासी व दलितांवर उगवणारे लोक टपलेलेच आहेत. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज न्यायालयाचा हिशेब पालघरच्या ख्रिस्ती वारल्याकडून मागायचा, हा त्यांचा न्याय. ज्याने स्वतःहून सत्य सांगितले त्याला त्याच सत्याची धमकी देता येत नाही. मराठी कॅथलिकांत अशा स्पष्टवक्तेपणाची परंपरा आहे. बायबलचे सुबोध मराठीकरण करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईत जमीनमाफियांविरुद्ध उभे राहिले ते याच परंपरेतून.

बोटीने मांडव्याला उतरल्यावर मात्र वेगळाच समाज भेटतो. कोकणातील बेने इस्रायल हे व्यापारी नव्हते, कारागीर होते. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाण्याला बैल न जुंपणारे, म्हणून शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली सोमवार तेली. गावकामगारांच्या उतरंडीत या दोघांची जागा जवळपास एकच होती. आडनावे गावांवरून आलेली: नवगावकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, रोहेकर. चित्रपटांतील सर्वांचे लाडके डेव्हिड, ते चेऊलकर म्हणजे चौलचे. भाषा मराठी, घरात नऊवारी, आणि एलियाहू हनाबीच्या नावाने पोहे-गूळ-नारळाचा मलिदा. बायबलमधला एलीया संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला हे ख्रिस्ती मंडळींना ठाऊक असते, पण तो जाता जाता अलिबाग तालुक्यातील एका खडकावर रथाच्या खुणा ठेवून गेला ही हकिकत ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटते. उमटायलाच हवे. धर्म मातीत रुजतो तो असा.

नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे हे वंशज, ही उगमकथा सर्व सहलींत सांगितली जाते. किनाऱ्याला लागलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने जिवंत केले ही चित्पावनांची कथा तिच्याशी किती जुळते हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. कोकणात उच्चपणा सिद्ध करायचा तर समुद्रातून यावे लागत असे, असे दिसते.

वाटाड्याला जी गोष्ट सांगायला संकोच वाटतो ती अशी, की या तेल्यांतही दोन थर होते, गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. ‘काळे’ म्हणजे ज्यांच्या आईचे कूळ इतर समाजातील मानले गेले ते. त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नव्हता, रोटीव्यवहारातही अंतर राखले जाई. एकाच देवापुढे उभे राहणाऱ्या, घाण्यावर सारखेच राबणाऱ्या माणसांत जातीने हे विष कालवले होते. ख्रिस्ती सहलकऱ्यांना हा भाग परका वाटण्याचे कारण नाही. गोव्याच्या चर्चमधील बंधुसंघ जातवार बांधलेले होते, आणि वसईतही धर्मांतराबरोबर जात गेली नाही. दलित ख्रिस्ती माणसाला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या जातात त्या ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही’ या सबबीवर. धर्मग्रंथात जात नाही आणि गावात आहे, हा अनुभव यहुदी व ख्रिस्ती दोघांचा सारखा. त्या विषयावर अलिबागच्या सभास्थानात अर्धा तास गप्पा झाल्या तर ती सहल सार्थकी लागेल.

घाण्यापासून सुटका करून देण्यात मुंबईचा वाटा मोठा. अठराव्या शतकापासून कंपनीच्या पलटणीत, पुढे रेल्वेत, गोदीत, कचेऱ्यांत बेने इस्रायल शिरले. सामाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या सुभेदाराने १७९६ साली मांडवी भागात मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात. शिकण्याची संधी मिशनऱ्यांनी दिली. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले होती, मास्तरही होते. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत १८३२ साली प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा, परिणाम उलटा. हिब्रू शिकलेला तेली ख्रिस्ती होण्याऐवजी अधिक जाणता यहुदी झाला. हाईम सॅम्युअल केहिमकर हे त्या पिढीचे. त्यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा काढली आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, जो त्यांच्या पश्चात १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. याच समाजातले डॉ. इलायजा मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. ही वाटचाल कोणा धनिकाच्या दानावर झालेली नाही. मांडवीचे ते पहिले सिनेगॉग शतकानुशतके कारकून, शिपाई, सुतार यांच्या वर्गणीवर चालले आणि म्हणूनच सहलींच्या यादीत ते दुय्यम ठरते. अरुंद गल्ली, बस उभी करायला जागा नाही.

मग हा समाज गेला कोठे? वाटाड्याचे उत्तर एका वाक्याचे असते: ते आपल्या मायदेशी परतले. हे वाक्य तपासून घेतले पाहिजे. १९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. २०११ च्या जनगणनेत सगळे यहुदी मिळून पाच हजारही भरले नाहीत. भारतात त्यांचा छळ झाला म्हणून ते गेले नाहीत, हे तेच अभिमानाने सांगतात. धर्माची ओढ होती, तशी कारकुनी मध्यमवर्गाची अडचणही होती: इंग्रजांच्या काळातील नोकऱ्यांची शाश्वती संपलेली, मुंबईत जागा मिळेना, मुलांना पुढे काय. तिकडे त्यांना जागा मिळाली ती बीरशेबा, दिमोना यांसारख्या वाळवंटी वसाहतींत, आणि काम मिळाले बहुधा अंगमेहनतीचे व कारखान्यांतले. युरोपीय यहुद्यांच्या तुलनेत आपल्याला कमी लेखले जाते म्हणून १९५१-५२ मध्ये काहींनी धरणे धरले, आम्हांला हिंदुस्थानात परत पाठवा अशी मागणी केली, आणि काही कुटुंबे खरोखरच परत आली. पुढे तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची शुद्धता तपासण्याचा फतवा काढला. त्याविरुद्ध लढा झाला आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी ठरवणारा ठराव केला. गोऱ्यांनी काळ्यांना लावलेली फूटपट्टी समुद्रापलीकडे गोऱ्यांनाही लागली. मायदेश हा शब्द इतका सोपा नाही.

या ठिकाणी समाजवादी चळवळीनेही आपला जमाखर्च मांडायला हवा. पन्नाशीच्या दशकात इस्रायलचे किब्बुत्झ पाहून आपली कितीतरी मंडळी भारावली होती. जयप्रकाश १९५८ साली तेथे जाऊन आले. सामुदायिक शेती, समान वाटप, सामायिक भोजनगृह हे सारे खरे होते. त्या शेतांपैकी काहींच्या जागी १९४८ पूर्वी कोणाची गावे होती हा प्रश्न मात्र त्या वेळी पुरेशा मोठ्याने विचारला गेला नाही. आज तो न विचारून चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने केलेली निरपराधांची हत्या व त्यानंतर गाझात झालेला संहार या दोन्हींबाबत ज्यांची जीभ उचलत नाही त्यांनी पवित्र भूमीच्या गोष्टी सांगू नयेत. पॅलेस्टिनी मजुरांना बंदी झाल्यावर त्यांच्या जागी २०२४ पासून उत्तर प्रदेश, हरियाणातून गवंडी व सेंटरिंग कामगार नेले गेले, त्याला सरकारने मैत्रीचे नाव दिले. बेकार भारतीय मजुराला बेकार केलेल्या पॅलेस्टिनी मजुराच्या जागी उभे करणे ही मैत्री असेल तर संपफोडीला दुसरा शब्द शोधावा लागेल.

परंतु या सगळ्याचा जाब अलिबागच्या इस्रायल आळीत विचारायचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तेल अवीवच्या सरकारच्या कृत्याला नवगावकर, पेणकर जबाबदार नाहीत, जसा लिस्बनच्या राजाच्या कृत्याला वसईचा शेतकरी जबाबदार नाही, किंवा कोणा परदेशी बॉम्बस्फोटाला मुंब्र्याचा रिक्षावाला जबाबदार नाही. काही उत्साही ख्रिस्ती मंडळी यहुदी ठिकाणांच्या भेटीला इस्रायलच्या ध्वजवंदनाचे रूप देऊ लागली आहेत. त्यामागे अमेरिकेतील धनाढ्य धर्मप्रचारकांची शिकवण आहे आणि तिच्यात यहुद्यांना स्थान आहे ते जगबुडीच्या नाटकातील एका पात्राचे. जॉन विल्सनच्या काळातील मिशनरी निदान व्याकरण तरी शिकवत होते.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, हे ठीक झाले. पण दर्जा कागदावर राहतो आणि अलिबाग तालुक्यातील जमिनीचा भाव दरवर्षी चढतो. बोट सुरू झाल्यापासून मुंबईचा पैसा मांडवा, किहीम, नवगाव या पट्ट्यात ओतला जात आहे. माणसे निघून गेलेल्या समाजाची दफनभूमी ही दलालाच्या दृष्टीने मोकळी जागा. शंभर वर्षे टिकलेली दगडी थडगी एका रात्रीत नाहीशी व्हायला एक जेसीबी पुरतो. याच तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप चालवला. जमीन कोणाच्या नावावर चढते याकडे लक्ष ठेवण्याची सवय येथील कार्यकर्त्यांना असली पाहिजे.

पक्षाच्या रायगड शाखेने येत्या पावसाळ्यापूर्वी अलिबाग, रोहा, पेण, मुरूड या तालुक्यांतील बेने इस्रायल दफनभूमींची व प्रार्थनालयांची गाववार यादी करावी. स्थानिक यहुदी पंचांना विचारून, त्यांच्या संमतीने, तलाठी कार्यालयातून प्रत्येक जागेचा सात-बारा काढावा, फेरफार तपासावेत. वसईच्या धर्मग्रामांतील ज्या तरुणांना सहलीला यायचे आहे त्यांना एक दिवस या कामासाठी बोलवावे. चार तालुक्यांना चार रविवार लागतील. शनिवारी मात्र जाऊ नये, कोणी भेटणार नाही.